स्वादुपिंडातील पुटी आणि कर्करोगाचे भय

मूतखड्याच्या वा अन्य कशाच्या निमित्ताने केलेल्या सीटी स्कॅनच्या अहवालात ‘स्वादुपिंडात सिस्ट’ एवढी नोंद आढळली, की सारे घर कर्करोगाच्या धास्तीने हवालदिल होते. परंतु अशी प्रत्येक पुटी कर्करोगाची पूर्वावस्था असते, हा समज निराधार आहे. स्वादुपिंडाच्या दाहानंतर साचणारी छद्मपुटी कर्करोगाकडे जात नाही, आणि व्हीएचएल जनुकातील बिघाडाशी निगडित असलेली, पातळ द्रवाची सीरस पुटीही बहुधा निरुपद्रवीच राहते. शंका घ्यावी ती चिकट श्लेष्म स्रवणाऱ्या एमसीएन व आयपीएमएन या पुटींची, त्यांतही मुख्य नलिकेत वाढणाऱ्या आयपीएमएनची. एन्डोस्कोपीतून सुईने काढलेला त्यांचा द्रव दोन बोटांत ताणला, तर पुष्कळदा पाकासारखी तार धरतो.

या द्रवात केआरएएस जनुकाचे उत्परिवर्तन सापडले म्हणजे कर्करोग झालाच, असे सुशिक्षित मंडळीही मानतात, सबब याविषयी विस्ताराने लिहिणे अगत्याचे आहे. २०११ साली जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी तपासलेल्या आयपीएमएनपैकी ९६ टक्क्यांत केआरएएस वा जीएनएएस यांपैकी एकात तरी उत्परिवर्तन आढळले, आणि ते सौम्य अवस्थेतील पुटींतही होते. जीएनएएसच्या २०१ व्या स्थानी बदल झाला, की त्याचे प्रथिन स्वतःचे कार्य थांबविण्याची शक्ती गमावते आणि पेशीत सायक्लिक एएमपी या संदेशवाहक रेणूची निर्मिती अखंड चालू राहते. या आरंभीच्या बदलांवरून पुटीची जात ओळखता येते. तिचे भवितव्य मात्र पुढे, बहुधा वर्षानुवर्षांच्या अवधीत, सीडीकेएन२ए, टीपी५३ आणि एसएमएडी४ ही पेशींच्या वाढीवर अंकुश ठेवणारी जनुके निकामी होतात की नाही, यावर बव्हंशी अवलंबून असते. द्रवातील सीईए या प्रथिनाचे वाढलेले प्रमाणसुद्धा पुटी श्लेष्मल असल्याचाच दाखला देते, कर्करोगाचा नव्हे.

दिसली पुटी की काढून टाकावी, हा आग्रहही अनाठायी होय, कारण स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया मोठी व जोखमीची असते. कावीळ, मुख्य नलिकेची १० मिलिमीटर वा अधिक रुंदी, किंवा पुटीच्या भिंतीवरील ५ मिलिमीटर वा अधिक आकाराची, स्कॅनच्या वेळी दिलेल्या औषधाने चित्रात उजळणारी गाठ, ही शस्त्रक्रियेचा गंभीरपणे विचार करावयास लावणारी लक्षणे आहेत.

मात्र त्रास नाही म्हणून तपासणी सोडून देणे तितकेच घातक ठरते, कारण आयपीएमएन असलेल्या रुग्णाच्या स्वादुपिंडात कर्करोग पुटीपासून दूर, अन्य ठिकाणीही उद्भवू शकतो. तेव्हा वाचकांस कळकळीची विनंती अशी की, जुने अहवाल व स्कॅनची चित्रे जपून ठेवावीत आणि डॉक्टरांनी दिलेली तपासणीची तारीख चुकवू नये. पुटी वाढली की नाही, हे मागील चित्राशी ताडून पाहिल्यावाचून ठरत नाही.