वाचक वाढावेत, संपादक झिजू नये : ई-वार्तापत्राचे गणित

सुरत शहरातून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर इच्छापोर हे गाव लागते. आज तेथे औद्योगिक वसाहत आहे, हिरे व दागिन्यांच्या उद्योगासाठी राखलेला स्वतंत्र विभाग आहे आणि पुढे हजिऱ्याचे मोठे कारखाने आहेत. या साऱ्या पट्ट्याला मनुष्यबळ पुरविणाऱ्या सुरत शहरात मराठी माणसांची वस्ती जुनी आहे. धुळे, नंदुरबार, जळगाव या खानदेशी जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार गुजरातमध्ये मराठी मातृभाषा असलेल्यांचे प्रमाण सुमारे दीड टक्का, म्हणजे नऊ लाखांच्या आसपास होते.

एवढा वाचकवर्ग असूनही तो विखुरलेला आहे. कोणी कापड गिरणीत, कोणी हिऱ्यांच्या कारखान्यात, कोणी पाळीच्या नोकरीत. अशा वाचकांसाठी छापील साप्ताहिक काढणे खर्चाचे असते. वितरणाचा प्रश्न त्याहून अवघड असतो. मात्र ई-मेलने जाणारे वार्तापत्र, म्हणजेच न्यूजलेटर, एका भ्रमणध्वनीवर तयार होऊ शकते. गोव्याची स्थिती यापेक्षा फार निराळी नाही. २०११ साली सुमारे १४ लाख ५८ हजार लोकसंख्या असलेल्या या राज्यातील मराठी वाचक मर्यादित आहे आणि त्यातीलही अनेकजण नोकरीनिमित्त मुंबई, पुणे वा आखाती देशांत आहेत. त्यामुळे नाटक, शेती, स्थानिक इतिहास, नोकरीच्या संधी अशा विषयांवर वार्तापत्र सुरू करण्याची कल्पना दोन्हीकडे आकर्षक ठरते.

अडचण सुरू करण्यात नसते, टिकविण्यात असते. पहिले पाच-सहा अंक उमेदीने निघतात, मग एखादी तारीख चुकते, चुकलेल्या तारखेची टोचणी लागते आणि वार्तापत्र न सांगता बंद पडते. छोट्या भाषिक समूहात त्याची किंमत अधिक असते, कारण त्या विषयावर लिहिणारा दुसरा कोणी बहुधा नसतो. म्हणून वाचक कसे वाढवावेत आणि लिहिणाऱ्याने थकून कसे जाऊ नये, हे दोन प्रश्न एकत्रच सोडवावे लागतात.

थकवा आणि कार्यक्लांती

दिवसभराच्या श्रमाचा थकवा झोपेने जातो. ज्याला इंग्रजीत ‘बर्नआउट’ म्हणतात ती कार्यक्लांती झोपेने जात नाही. अमेरिकेतील मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ साली ही संज्ञा शास्त्रीय लेखनात आणली. पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी तिच्या मोजमापाची पद्धत विकसित केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या आजारवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत तिची व्याख्या दिली. संघटनेने तिला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ राहिलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणाचा तो परिणाम आहे, असे म्हटले आहे. तिची तीन लक्षणे सांगितली जातात : शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा वा कडवटपणा आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे.

ही व्याख्या व्यवसायापुरती असली, तरी वार्तापत्र चालविणाऱ्याला ती लक्षणे ओळखीची वाटतील. वाचकाचे उत्तर आले की आनंदाऐवजी ओझे वाटते, विषय सुचणे थांबते, आणि वाचकसंख्येचा आकडा दिवसातून दहा वेळा पाहिला जातो. बहुतेक जण नोकरी वा घर सांभाळून हे काम करतात. त्यामुळे ताण एका कामाचा नसून दोन कामांचा असतो.

दीडशे वर्षांपूर्वीचे दाखले

एकहाती नियतकालिक चालविण्याचा प्रश्न इंटरनेटने निर्माण केलेला नाही. सुरतेचे गुजराती साहित्यिक नर्मद यांनी १८५८ साली शिक्षकाची नोकरी सोडून केवळ लेखणीवर जगण्याचे ठरविले. १८६४ साली त्यांनी मित्रांच्या साहाय्याने ‘डांडियो’ हे पाक्षिक सुरू केले. रात्री गस्त घालून लोकांना जागे ठेवणाऱ्या पहारेकऱ्यावरून हे नाव घेतलेले होते. समाजातील दोषांवर निर्भीडपणे लिहिणारे हे पाक्षिक १८६९ पर्यंत चालले. पुढे शब्दकोशासारख्या मोठ्या कामांनी नर्मद कर्जात बुडाले आणि १८८२ साली, प्रतिज्ञेला जवळजवळ पाव शतक झाल्यावर, त्यांना पुन्हा नोकरी पत्करावी लागली. १८८६ साली त्यांचे निधन झाले.

मराठीत विष्णुशास्त्री चिपळूणकर यांची ‘निबंधमाला’ जानेवारी १८७४ मध्ये सुरू झाली. या मासिकाचे ८४ अंक निघाले आणि त्यांतील जवळजवळ सर्व लेखन शास्त्रीबोवांनी स्वतः केले. मात्र पुढील उद्योगांत त्यांनी जोडीदार घेतले : १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ साली ‘केसरी’ आणि ‘मराठा’. १८८२ साली वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. निबंधमाला त्यांच्यासोबत थांबली; ‘केसरी’ मात्र चालू राहिला, कारण तो एका माणसावर उभा नव्हता.

सुरतेतच १८६३ साली स्थापन झालेले ‘गुजरातमित्र’ आजही प्रसिद्ध होते. आरंभी साप्ताहिक असलेल्या या पत्राने दैनिक होण्याची घाई केली नाही. त्या टप्प्यावर ते १९३६ साली पोहोचले. हे तीनही दाखले एकत्र ठेवले तर एक गोष्ट स्पष्ट होते. लेखकाची प्रतिभा अंकाला वाचक मिळवून देते. परंतु अंकाचे आयुष्य ठरते ते कामाची विभागणी आणि झेपेल असा काळ निवडण्यावर.

किती दिवसांनी अंक काढावा?

नव्या संपादकाचा पहिला समज असतो की वारंवार अंक पाठविले म्हणजे वाचक वाढतात. मराठीतच याला मोठा अपवाद आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून रुजलेली ही परंपरा वर्षातून एकदाच येते, तरीही शतकाहून अधिक काळ वाचक तिची वाट पाहत आहे. वाचकाला अंकांच्या संख्येपेक्षा शब्द पाळला जाण्याची खात्री हवी असते.

म्हणून अंकाचा काळ आपल्या सर्वांत चांगल्या आठवड्यावरून ठरवू नये, सर्वांत वाईट आठवड्यावरून ठरवावा. उदाहरणादाखल, इच्छापोरच्या वसाहतीत पाळीने काम करणाऱ्या एखाद्या मराठी तरुणाने वार्तापत्र काढायचे ठरविले, असे समजू. एका अंकासाठी माहिती गोळा करण्यास सहा तास, लिहिण्यास चार आणि तपासून पाठविण्यास दोन, असे बारा तास लागतात. साप्ताहिक अंक काढल्यास वर्षाला ६२४ तास होतात. आठ तासांचा दिवस धरला तर हे ७८ दिवसांचे काम झाले. पाक्षिक केल्यास तेच ३१२ तासांवर, म्हणजे ३९ दिवसांवर येते. पाळी बदलली, घरात आजारपण आले, गावी जावे लागले, तरीही जो अंक निघेल तोच त्याचा खरा काळ. पाक्षिकाचे साप्ताहिक करणे केव्हाही शक्य असते. उलट प्रवासात मात्र वाचकाला काहीतरी कमी झाल्यासारखे वाटते.

वाचक वाढतात कसे?

वाढीचे गणितही संथ आहे. शंभर वाचकांपासून आरंभ झाला आणि निव्वळ वाढ दरमहा सहा टक्के राहिली, तर दोन वर्षांनी सुमारे चारशे आणि तीन वर्षांनी सुमारे आठशे वाचक होतात. पहिल्या सहा महिन्यांत मात्र ही संख्या दीडशेच्या आतच असते. याच काळात निराशा येते आणि बहुतेकांचा हात थांबतो. वाढीचा मोठा भाग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात पडतो, म्हणून तिथवर टिकणे हाच वाढीचा मुख्य उपाय ठरतो.

छोट्या भाषिक समूहात जाहिरातीपेक्षा वाचकाने वाचकाला सांगणे अधिक उपयोगी पडते. त्यासाठी विषय नेमका असावा. ‘सर्व काही’ देणारे वार्तापत्र कोणाला सुचवावे हे वाचकाला कळत नाही; ‘सुरतेतील मराठी कुटुंबांसाठी शिक्षण व नोकरी’ किंवा ‘गोव्यातील मराठी रंगभूमीचा पंधरवडा’ असे म्हटले की योग्य माणूस चटकन आठवतो. प्रत्येक अंकाच्या शेवटी ‘हा अंक एका ओळखीच्या व्यक्तीला पाठवा’ अशी एकच विनंती पुरते. महाराष्ट्र मंडळे, वाचनालये, गणेशोत्सव मंडळे, नाट्यसंस्था यांच्या कार्यक्रमांत क्यूआर संकेताचे छोटे पत्रक ठेवता येते.

येथे दोन पथ्ये आहेत. संमतीशिवाय कोणाचाही पत्ता यादीत घालू नये. व्हॉट्सअ‍ॅप गटातून वा मंडळाच्या नोंदवहीतून पत्ते उचलणे अनुचित तर आहेच, शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा आधारच संमती हा आहे. दुसरे असे की, नको असेल त्याला सहज बाहेर पडता यावे. मोठ्या संख्येने ई-मेल पाठविणाऱ्यांसाठी गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून एका टिचकीत नाव काढण्याची सोय बंधनकारक केली आहे. गूगलच्या बाबतीत ही मर्यादा दिवसाला पाच हजार संदेशांची आहे. लहान वार्तापत्र त्यात मोडत नसले, तरी नकोशा टपालाची तक्रार त्यालाही महागात पडते.

पत्त्यांची यादी हीच खरी पुंजी असल्याने तिची प्रत दरमहा स्वतःजवळ उतरवून ठेवावी. ट्विटरने २०२१ साली विकत घेतलेली ‘रेव्ह्यू’ ही वार्तापत्र सेवा जानेवारी २०२३ मध्ये बंद करण्यात आली. यादी ज्यांच्या हाती होती ते दुसरीकडे गेले आणि त्यांचे वाचक टिकले. समाजमाध्यमांवरील अनुयायी असे सोबत नेता येत नाहीत.

आकडे आणि पैसा

किती जणांनी अंक उघडला, हा आकडा लेखकाला सर्वाधिक छळतो. तो आता तितकासा भरवशाचाही उरलेला नाही. अ‍ॅपलने २०२१ साली आपल्या मेल सेवेत गोपनीयतेची नवी सोय आणली. तिच्यामुळे वाचकाने न उघडलेला अंकही उघडल्यासारखा नोंदला जाऊ शकतो. त्यापेक्षा किती जणांनी उत्तर लिहिले आणि किती जणांनी अंक पुढे पाठविल्याचे कळविले, हे महिन्यातून एकदा नोंदवावे. रोज आकडा पाहिल्याने लेखन सुधारत नाही.

वर्गणीचा विचारही सावकाश करावा. अमेरिकी लेखक केव्हिन केली यांनी २००८ साली मांडले की, स्वतंत्र निर्मात्याला लाखोंची नव्हे, हजारभर निष्ठावंतांची गरज असते. मराठीच्या छोट्या वर्तुळात हा आकडाही दूरचा आहे. दरमहा ५० रुपयांप्रमाणे दोनशे वर्गणीदार मिळाले, तर १०,००० रुपये होतात. सबस्टॅकसारखी सेवा सशुल्क वर्गणीतून १० टक्के घेते, त्याशिवाय पैसे हस्तांतरणाचे शुल्क वेगळे लागते. एवढ्या उत्पन्नावर नोकरी सोडणे धोक्याचे. नर्मदांचे उदाहरण समोर आहेच. शिवाय पैसे घेतले की ठरलेली तारीख सवलतीची राहत नाही, ते देणे होते. वर्षभर एकही अंक न चुकविता काढून दाखविल्यावरच वर्गणी सुरू करणे शहाणपणाचे.

टिकण्याची घडी

कार्यक्लांती आल्यावर उपाय शोधण्यापेक्षा कामाची रचनाच तशी ठेवता येते. पहिला अंक पाठविण्यापूर्वी तीन अंक लिहून तयार ठेवावेत आणि हा साठा कधी संपू देऊ नये. काळाने शिळे न होणारे विषय त्यासाठी उपयोगी पडतात. अंकाचा आराखडा ठरलेला असावा : एक मुख्य लेख, दोन छोट्या नोंदी, एक वाचकपत्र. दर वेळी नवा साचा शोधण्यात निष्कारण शक्ती जाते.

वर्षाचे दोन सत्रांत विभाजन करून मध्ये सुट्टी घ्यावी आणि ती आधीच जाहीर करावी. चतुर्थीच्या दिवसांत गोव्यात अंक येणार नाही, असे कळविले तर एकही वाचक रागावत नाही. न सांगता गैरहजर राहिले तर मात्र विश्वास उडतो. शक्य तितक्या लवकर दुसरा हात घ्यावा. तपासणी, चित्रे किंवा वाचकांना उत्तरे, यांतील एक काम जरी सहकाऱ्याकडे गेले, तरी आजारपणातही अंक निघू शकतो.

आणि थांबायचेच झाले, तर शेवटचा अंक काढून थांबावे. कारण सांगावे, जुने अंक कोठे वाचता येतील ते कळवावे, आणि विषय पुढे चालवू इच्छिणाऱ्याला आवाहन करावे. अशा रीतीने थांबलेल्या वार्तापत्राच्या जागी दुसरे उभे राहू शकते.

वार्तापत्र सुरू करू इच्छिणाऱ्याने म्हणून तंत्र, नाव किंवा बोधचिन्ह यांच्या आधी एक कागद घ्यावा. मागील तीन महिन्यांतील सर्वांत धावपळीच्या आठवड्यात स्वतःला किती तास मोकळे मिळाले, ते त्यावर लिहावे. तो आकडा तीन असेल, तर तीन तासांत होणारा अंक काढावा, मग तो चारशे शब्दांचा आणि महिन्यातून एकदाच येणारा का असेना.