करंगळीला मुंग्या का येतात?

दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेत, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकल राइडमध्ये, अनेकांचे पाय शाबूत असतात, कुरकुरते ती करंगळी. कोपर आपटल्यावर झिणझिण्या आणणारी अल्नर नसच तळहाताच्या बुडाशी एका अरुंद बोळातून जाते. रोड बाइकच्या वाकड्या हँडलवर भार नेमका तिथेच पडतो आणि खडबडीत रस्ता वरून ठोसे देत राहतो.

म्हणून हँडलवरची टेप. जाडी साधारण 2 ते 3.5 मिलिमीटर. जाड तेवढी मऊ खरी, पण हात लहान असेल तर मूठ नीट मिटत नाही, पकड आवळावी लागते आणि मनगटच दुखतं. 'कॉर्क' नावाने विकली जाते ती बहुतेकदा फोमच असते, त्यात बुचाचा थोडा भुगा. घामट हातांना ती मानवते. पावसात मात्र सिलिकॉनची बरी, हात सटकत नाही.

गुंडाळताना दांड्याच्या टोकापासून वर या. फार ताणलीत तर फोम चपटा होतो, पैसे वाया.

आणि सीटचं नाक खाली झुकलंय का, ते आधी बघा. तसं असेल तर सगळं वजन हातांवर घसरतं, तिथे महागडी टेपही हतबल. राइडनंतर दोन-तीन दिवसांनीही करंगळी बधिरच असेल, तर सायकलचं दुकान नको, डॉक्टर गाठा.