दोष न लावता वेगळे होताना

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत जुन्या नाशकातली माझी एक माजी विद्यार्थिनी घरी आली. निकाहला चार वर्षे झालेली. म्हणाली, "आपा, ते वाईट नाहीत. हात उगारत नाहीत, खर्चही देतात. पण माझं मन तिथं लागत नाही. अर्जात मारहाण लिही, असं लोक सांगतात. खोटं कसं लिहू?"

लोकांच्या सल्ल्यामागे १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आहे. पती चार वर्षे बेपत्ता असणे, दोन वर्षे नफका न देणे, क्रूरपणे वागवणे अशी कारणे त्यात आहेत. या कायद्याने असंख्य बहिणींची सुटका झाली. मात्र कारण न्यायालयात सिद्ध करावे लागते. ज्या घरात कुणी गुन्हेगारच नाही, तिथे मग गुन्हेगार उभा केला जातो.

शरीअतने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. हजरत साबित बिन कैस (रजि.) यांच्या पत्नी नबी करीम (सल्ल.) यांच्याकडे आल्या. पतीच्या दीनविषयी किंवा अखलाकविषयी तक्रार नाही, पण सोबत राहणे जमत नाही, असे त्यांनी सांगितले. महरमध्ये मिळालेली बाग परत कराल का, एवढेच त्यांना विचारले गेले. त्या हो म्हणाल्या आणि साबित यांना बाग घेऊन तलाक देण्यास सांगितले गेले. ही हदीस सहीह बुखारीत आहे. हाच खुला. सूरह बकराच्या २२९ व्या आयतीत त्याचा आधार आहे. वेगळे होण्याची इच्छा दोघांचीही असेल, तर त्याला मुबारात म्हणतात.

पती राजी नसेल तर? अनेक उलमांच्या मते खुल्याला त्याची संमती हवी. केरळ उच्च न्यायालयाने मात्र ९ एप्रिल २०२१ च्या निकालात खुला हा पत्नीचा स्वतंत्र हक्क मानला. समेटाचा प्रयत्न आणि महर परत करण्याची तयारी तेवढी हवी. हा निकाल आपल्याकडच्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण त्याचा दाखला देता येतो. इजिप्तने तर २००० सालीच कायदा करून न्यायालयामार्फत खुल्याची वाट मोकळी केली.

वाट सोपी झाली की घरे मोडतील, ही भीती वडीलधाऱ्यांना वाटते. म्हणूनच सूरह निसाच्या ३५ व्या आयतीत दोन्ही घरांतून एकेक पंच नेमायला सांगितले आहे. पुरुषालाही यातून सूट नाही. तलाकला वाजवी कारण हवे आणि आधी समेटाचा प्रयत्न झालेला हवा, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २००२ मध्ये बजावले आहे.

त्या मुलीसाठीही दोन्हीकडचे एकेक बुजुर्ग बसले. तीन बैठका झाल्या. मन वळले नाही. तिने महर परत केला, त्याने खुला मान्य केला, साक्षीदारांसमोर खुलानामा लिहिला गेला. मी तिला इद्दत नीट पाळायला आणि पुढे कागदोपत्री अडचण नको म्हणून कौटुंबिक न्यायालयातून तशी घोषणा करून घ्यायला सांगितले.

निघताना त्या मुलाने तिच्या अब्बांना सलाम केला. खोटा अर्ज झाला असता, तर तो सलाम झाला नसता.