तिजोरीची किल्ली कोणाकडे?

पक्षासाठी निधी जमविणाऱ्या व्यापाऱ्याला शेवटी काय मिळते, असा प्रश्न दरेकसा येथील आमच्या अभ्यासवर्गात एका विद्यार्थ्याने विचारला. अमेरिकेपुरते उत्तर सोपे आहे. जोसेफ केनेडी या धनिकाने १९३२ च्या निवडणुकीत रूझवेल्ट यांच्यासाठी पैसा दिला आणि जमविला. १९३८ मध्ये तो लंडनला अमेरिकेचा राजदूत झाला. निवडणुकीतील देणगी हा राजदूत नेमण्याचा निकष असू नये, असे तेथील १९८० च्या कायद्यात लिहावे लागले. प्रथा मात्र थांबली नाही.

आपल्याकडचे उदाहरण इतके सरळ नाही, म्हणूनच ते तपासले पाहिजे. आमच्या दरेकसा स्टेशनावरून जाणारी हावडा-मुंबई लाईन पुढे वर्ध्याला पोहोचते. तेथले कापसाचे व्यापारी जमनालाल बजाज (१८८९-१९४२) हे काँग्रेसचे खजिनदार होते. इंग्रजांनी दिलेली ‘रायबहादूर’ ही पदवी त्यांनी १९२१ मध्ये परत केली. तुरुंगवास सोसला. १९२८ मध्ये वर्ध्याचे आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले. त्यांनी पैशाच्या मोबदल्यात पद मिळविले, असे कोणीही म्हणू शकणार नाही. त्यांच्या व्यक्तिगत त्यागाविषयी मला शंका नाही.

परंतु ‘देणाऱ्याला काय मिळाले?’ हा अर्धाच प्रश्न आहे. ‘जमलेल्या पैशाचे काय झाले आणि ते कोणी ठरविले?’ हा उरलेला अर्धा प्रश्न आपला आहे.

१९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडात एक कोटीहून अधिक रुपये जमले. असहकारात वकिली सोडणाऱ्यांच्या निर्वाहासाठी एकट्या जमनालालजींनी एक लाख रुपये दिले. अस्पृश्यतानिवारण तर काँग्रेसच्या विधायक कार्यक्रमातच होते. त्याच्या वाट्याला काय आले? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काँग्रेस आणि गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केले हे तपासणारा आपला ग्रंथ १९४५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी हा हिशेब रकमेनिशी मांडला आहे: वाटलेल्या साडेएकोणपन्नास लाखांपैकी अस्पृश्यांच्या कामासाठी फक्त ४३,३८१ रुपये. म्हणजे शंभर रुपयांत एक रुपयाही नाही.

हे एका खजिनदाराच्या मनाच्या कोतेपणामुळे घडले नाही. ज्या समित्या पैसा वाटत होत्या, त्यांत अस्पृश्यांना स्थान नव्हते. १९३२ मध्ये हरिजन सेवक संघ स्थापन झाला आणि घनश्यामदास बिर्ला हे उद्योगपती त्याचे अध्यक्ष झाले. संघाच्या कारभारात अस्पृश्यांचे प्रतिनिधी असावेत, या मागणीवर गांधीजींचे उत्तर असे होते की, हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे आणि पैसाही सवर्णांचाच आहे. म्हणून संघ त्यांनीच चालवावा. या उत्तरात निधीच्या राजकारणाचे सगळे मर्म आहे. ज्याचा पैसा, त्याचा कारभार. आणि ज्याच्या नावाने पैसा जमला, त्याने फक्त हात पसरावा! मंदिराचे तेच. ते मालकाच्या इच्छेने उघडले, आमच्या हक्काने नव्हे.

आज याचा आपल्याशी काय संबंध? आमच्या भागातले लोक उन्हाळ्यात जंगलात तेंदूची पाने तोडतात. त्यांच्या नावाने मेळावे भरतात, जयंत्यांचे मंडप उभे राहतात. मंडपाचा खर्च कोणी ठेकेदार उचलतो. मग पुढच्या हंगामात मजुरीचा दर मागताना कार्यकर्त्याचा आवाज खाली येतो. ठेकेदाराला पद नको असते. त्याला एवढेच पुरते.

म्हणून माझे कार्यकर्त्यांना सांगणे आहे: वर्गणी लहान घ्या, पण प्रत्येकाची घ्या. पावती द्या. जमाखर्च वस्तीत मोठ्याने वाचा. आणि खर्च ठरविणाऱ्या समितीत पाने तोडणाऱ्या बाईला बसवा. तिने दहा रुपये दिले असतील, तर त्या दहा रुपयांचा जाब विचारण्याचा हक्क तिचा आहे.