कोल्हापूरच्या बंदरात लागणारी ‘बोट’

कोल्हापूरला समुद्र नाही. पंचगंगा आहे, रंकाळा आहे. पण जहाज लागावं असा धक्का नाही. तरीही एक आलिशान क्रूझ इथं मुक्कामाला येते आणि थेट रेल्वे स्टेशनात लागते! ‘डेक्कन ओडिसी’ ही निळी गाडी २००४ मध्ये सुरू झाली. चालते रुळांवर, पण आतला संसार सगळा जहाजी. तिच्या ‘महाराष्ट्र स्प्लेंडर’ या फेरीत कोल्हापूर येतं.

बॅग एकदाच उघडायची
सात रात्री खोली तीच, गाव मात्र रोज नवं. गाडी पळते ती मुख्यतः रात्री. दिवसा नाशिक, वेरूळ, अजिंठा, कोल्हापूर, गोवा असं ‘किनाऱ्यावर’ उतरायचं. डबे २१, प्रवासी मात्र शंभराच्या आत. आपल्या स्लीपरच्या दीड डब्यात एवढी माणसं सहज बसतात, चुलत्याची पोरं वेगळी!

पोटात दोन पेशवे
जेवणाच्या डब्यांची नावं ‘पेशवा १’ आणि ‘पेशवा २’. बारचा डबा ‘मुंबई हाय’, म्हणजे समुद्रातल्या तेलविहिरींचा नामबंधू. शिवाय स्पाचा डबा वेगळा. थोडक्यात, छत्रपतींच्या करवीरनगरीत ही गाडी शिरते ती पोटात दोन पेशवे घेऊन.

धक्का शाहू महाराजांचा
गाडी लागते ते छत्रपती शाहू महाराज टर्मिनस. मिरज-कोल्हापूर हा लोहमार्ग कोल्हापूर संस्थानानं स्वतःच्या खर्चानं बांधला. त्यावर १८९१ मध्ये गाडी धावली, तेव्हा महाराजांच्या हाती अजून कारभारही आला नव्हता. तो आला १८९४ मध्ये.

समुद्रदेव घाटावर
टाउन हॉल म्युझियममध्ये पोसायडनला भेटा. हा ग्रीकांचा समुद्रदेव. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीत १९४० च्या दशकात त्याची छोटीशी कांस्यमूर्ती सापडली, सोबत रोमन धाटणीची इतर कांस्य भांडीकुंडीही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन माल कोकणच्या बंदरांत उतरायचा आणि घाट चढून वर यायचा. म्हणजे कोल्हापूरला परदेशी पाहुण्यांचं अप्रूप नाही. इथं त्यांचा देवसुद्धा मुक्कामाला राहिलाय.

मनगट बंद, पट्टा सुरू
पाहुण्यांना हमखास दाखवतात तो मर्दानी खेळ. त्यात नजर ठेवायची दांडपट्ट्यावर. पट्टा चालवणाऱ्याचा हात कोपराजवळपर्यंत लोखंडी खोबणीत असतो. मनगट वळतच नाही, म्हणून वार खांद्यातून आणि अख्ख्या अंगाच्या गिरकीतून येतो. लवचिक पातं सपकन फिरतं आणि जमिनीवर ठेवलेल्या लिंबाच्या दोन फोडी होतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र झाला.

सीमावाद? चपलेला विचारा
कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते आठ जिल्ह्यांना मिळून: चार महाराष्ट्रातले, चार कर्नाटकातले. दोन्ही राज्यांचं एकमत व्हायला चामड्याचा पट्टा पुरला! पाहुण्यांना एकच सल्ला: नवी चप्पल पहिल्याच दिवशी घालून गाव हिंडू नका.

सूर्याचं टाइमटेबल
अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव वर्षातून दोनदा: ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर. मावळतीचे किरण महाद्वारातून गाभाऱ्यात येतात. आकाश निरभ्र असेल तर पहिल्या दिवशी पायांवर, मग छातीवर, मग मुखावर. रेल्वे लेट होऊ शकते, सूर्य नाही.

आता गोव्याला
कोल्हापूर हे रुळाचं शेवटचं टोक. वैभववाडीमार्गे कोकणात उतरणारा लोहमार्ग वर्षानुवर्षं चर्चेतच आहे. त्यामुळे गोव्याला निघालेल्या या राजेशाही गाडीला आल्या वाटेनं मिरजेला परत जावं लागतं, मग बेळगाव, लोंढा आणि दूधसागरचा घाट. घाई असेल त्यानं आंबोलीमार्गे एसटी धरावी. ती आधी पोचेल, फक्त आत पेशवे नसतील.