स्वल्पविरामाचे मोल

स्वल्पविराम हे चिन्ह इतके लहान की, पुष्कळ सुशिक्षित मंडळी पत्र लिहिताना त्याची गणतीच करीत नाहीत. मराठीत ते रुळले एकोणिसाव्या शतकात, मुद्रणाच्या संगतीने. आणि त्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांस दिले जाते. तत्पूर्वीचा मोडी लेखक आधी आडवी रेघ ओढी व तिच्याखाली होता होईतो लेखणी न उचलता लिहीत जाई. कोठे थांबावयाचे ते वाचणाराने ओळखावे!

यात धोका कोणता? टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीत १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट त्याचे अग्रणी होते. समजा, त्या दिवसांत तेथील एखाद्या शेतकऱ्यास थोरल्या भावाचे पत्र आले असते: ‘जमीन द्यावी नाही झगडावे.’ ‘द्यावी’पाशी थांबले तर जमीन गेली, ‘नाही’पाशी थांबले तर तुरुंग पत्करावयाचा. अक्षर एकही न बदलता आज्ञा उलटली!

म्हणून ज्या घरांच्या पेटीत जुनी मोडी खते आहेत, त्यांस आमची एक सूचना आहे. बालबोध नक्कल करविताना पहिली प्रत मुळाबरहुकूम, विरामचिन्हांवाचून ठेवावी. चिन्हे घालावयाची ती दुसऱ्या प्रतीत. कारण नक्कलकाराने घातलेला स्वल्पविराम हा त्याने लावलेला अर्थ होय, पूर्वजांचा शब्द नव्हे. भाऊबंदांच्या वाटण्या अशा एका टिंबशेपटीवर अडू नयेत, एवढीच आमची इच्छा.