बेटी फोर्ड आणि लपवाछपवीची किंमत

जेरल्ड फोर्ड ९ ऑगस्ट १९७४ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष झाले ते निवडून आल्यामुळे नव्हे, तर निक्सन यांच्या राजीनाम्यामुळे. वॉटरगेट प्रकरणातील लपवाछपवीला तो देश पुरता विटला होता. त्यानंतर अवघ्या सात आठवड्यांनी, २८ सप्टेंबरला, नव्या अध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्यावर बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात स्तनाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झाली. रोग कोणता आणि कोणता अवयव काढावा लागला, हे वृत्तपत्रांना स्वच्छ शब्दांत सांगण्यात आले.

राज्यकर्त्यांच्या आजारपणाविषयी त्या देशाची परंपरा याच्या नेमकी उलट होती. १८९३ साली अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांच्या जबड्यातील गाठ एका खाजगी नौकेवर गुपचूप काढण्यात आली. आर्थिक अरिष्ट तेव्हा ऐन भरात होते. चांदीच्या सरकारी खरेदीचा कायदा रद्द करवून घेण्याचा क्लीव्हलंड यांचा निर्धार होता, आणि प्रकृतीची वार्ता फुटल्यास बाजारपेठेचा उरलासुरला विश्वासही ढासळेल अशी धास्ती होती. खरी हकीकत बाहेर आली ती १९१७ मध्ये. पुढे १९१९ साली विल्सन यांना पक्षाघात झाला, तेव्हाही जनतेला खरे कळू दिले गेले नाही. अध्यक्षांच्या बाबतीत निदान राज्यकारभाराची सबब तरी होती. स्त्रियांच्या कर्करोगाला तेवढीही नव्हती. तेथे होती ती निव्वळ लाज. अभिनेत्री शर्ली टेंपल ब्लॅक यांनी १९७२ मध्ये आपला आजार जाहीर केला होता हे खरे. परंतु व्हाइट हाउसमधून उठलेल्या शब्दाचे वजन काही वेगळेच असते.

त्याचा परिणाम आकडेवारीत उमटला. १९७४ मध्ये अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाच्या नोंदलेल्या रुग्णांची संख्या एकाएकी उसळली. रोग बळावला नव्हता; तपासणीसाठी येणाऱ्या स्त्रिया वाढल्या होत्या. आकडा वाढला म्हणजे संकट वाढले, असे घाईने मानणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ बाळगावे. नियोजित उपाध्यक्ष नेल्सन रॉकफेलर यांच्या पत्नीचा कर्करोगही त्याच काही आठवड्यांत उघडकीस आला आणि त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. वास्तविक बेटी फोर्ड यांनी कोणतेही नवे औषध शोधले नव्हते की रुग्णालय बांधले नव्हते. त्यांनी पुरविली ती केवळ माहिती. आणि जी माहिती एकाने वापरली म्हणून दुसऱ्यासाठी कमी होत नाही, तिचे मोल कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

कर्करोगाविषयी बोलणे त्यातल्या त्यात सोपे होते, असे म्हणावे लागते, कारण कर्करोगाच्या रुग्णाला कोणी दोष देत नाही. व्यसनाचे तसे नाही. त्यातून व्यसनी स्त्री असेल, तर समाजाचा निवाडा आधीच लिहून ठेवलेला असतो. बेटी फोर्ड यांच्या मानेतील एक शीर १९६४ मध्ये आखडली, वेदनाशामक गोळ्या सुरू झाल्या, आणि त्यांच्या जोडीला मद्य होतेच. १९७६ ची निवडणूक फोर्ड हरले तेव्हा त्यांचा घसा पार बसला होता. पराभव मान्य करणारा संदेश वाचून दाखविला तो बेटी यांनीच. त्या वेळी त्यांचे हे अवलंबित्व देशाला ठाऊक नव्हते, आणि घरच्यांनाही त्याचा उच्चार करवत नव्हता.

तो उच्चार १ एप्रिल १९७८ रोजी झाला. पती आणि मुले डॉक्टरांसह एकत्र बसली आणि प्रत्येकाने आपल्याला काय सोसावे लागले ते त्यांना तोंडावर सांगितले. साठी पूर्ण होताच बाई लाँग बीचच्या नौदल रुग्णालयात दाखल झाल्या. तेथे चार खाटांची सामाईक खोली पाहून त्या प्रथम अडून बसल्या. इतर रुग्ण स्त्रियांना मग दुसरीकडे हलवितो, असे डॉक्टरांनी म्हणताच मात्र त्यांनी ते होऊ दिले नाही. कबुलीही एका दमात आली नाही, हे विशेष. पहिल्या निवेदनात फक्त औषधांचा उल्लेख होता. मद्याविषयी बोलल्यास पतीची मानहानी होईल, ही त्यांची सबब डॉक्टरांनी ऐकून घेतली नाही, आणि काही दिवसांनी दुसऱ्या निवेदनात तो शब्द आला. बेटी फोर्ड यांना जन्मजात निर्भीड ठरविणाऱ्यांनी हे मधले दिवस वगळू नयेत. त्यांचे धैर्य कमावलेले होते.

१९८२ मध्ये लिओनार्ड फायरस्टोन यांच्या साहाय्याने त्यांनी कॅलिफोर्नियात रँचो मिराज येथे व्यसनमुक्ती केंद्र उभारले. निम्म्या खाटा स्त्रियांसाठी, हा त्यांचा आग्रह होता. पुरुषाचे पिणे चव्हाट्यावर येते आणि गृहिणीचे घरातच दडून राहते, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? पुढे १९८३ च्या अखेरीस एलिझाबेथ टेलर तेथे दाखल झाल्या, त्यांनीही ते जाहीरपणे सांगितले, आणि केंद्राचे नाव चित्रपटतारकांशी जोडले गेले ते कायमचे. ही कीर्ती दुधारी होती. उघडपणे बोलण्याची लाज कमी झाली, पण व्यसनमुक्ती हा पैसेवाल्यांचा सोपस्कार आहे असाही समज पसरला. तो अगदीच निराधार म्हणता येत नाही, कारण ज्या देशात उपचार विम्यावर चालतात तेथे विम्याच्या यादीत नसलेला आजार गरिबाच्या दृष्टीने उपचाराबाहेरचाच असतो.

बेटी फोर्ड यांनी हे ओळखले होते. १९९४ मध्ये, आरोग्यविम्याच्या सुधारणांचा वाद रंगात असताना, त्या रोझलिन कार्टर यांच्यासमवेत काँग्रेसपुढे गेल्या. १९७६ मध्ये त्या दोघींचे पती एकमेकांविरुद्ध लढले होते. मानसिक आजार आणि व्यसन यांना इतर आजारांच्या बरोबरीने विम्याचे संरक्षण मिळावे, ही मागणी दोघींनी एका सुरात मांडली. ती सुधारणा त्या वर्षी बारगळली. व्यसनोपचारांबाबत विमा कंपन्यांना दुजाभाव करण्यास बंदी घालणारा कायदा २००८ साली झाला, आणि त्यातही ज्या विमा योजनेत असे उपचार मुळात आहेत तिलाच तो लागू होता. बेटी फोर्ड तेव्हा नव्वद वर्षांच्या होत्या. ८ जुलै २०११ रोजी त्या निवर्तल्या.